राग नेमका कितव्या मिनिटावर आहे?

मार्च २०१७ मध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर ‘पद्मावती’ या हिंदी सिनेमाचा सेट लागला होता. एका रात्री अज्ञात लोकांचा जमाव आला आणि सेट पेटवून निघून गेला. कपडेपट जळाला. त्याआधी जानेवारीत जयपूरच्या जयगडावर करणी सेना या राजपूत संघटनेच्या लोकांनी याच सिनेमाचं चित्रीकरण बंद पाडून दिग्दर्शक संजय लीला भन्साळींना मारहाण केली होती. कारण काय, तर अल्लाउद्दीन खिलजी आणि राणी पद्मिनी यांचं स्वप्नातलं प्रेमदृश्य सिनेमात आहे म्हणे.

हा ‘म्हणे’ पुढे वर्षभर देशात फिरला. १ डिसेंबर २०१७ ही ठरलेली तारीख गेली. सेन्सॉर बोर्डाने नेहमीच्या समितीखेरीज इतिहासाच्या जाणकारांचं खास मंडळ बसवलं. ‘पद्मावती’चं ‘पद्मावत’ झालं. ‘घूमर’ गाण्यात नायिकेची उघडी कंबर संगणकावर झाकली गेली. काही राज्यांनी बंदी घातली, ती १८ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने रोखली. २५ जानेवारीला सिनेमा लागला आणि लोकांनी पाहिलं, तर ते स्वप्नदृश्य त्यात नाहीच. खिलजी आणि पद्मिनी समोरासमोरही येत नाहीत. आरशातली क्षणभराची झलक, बस्स. नंतर करणी सेनेच्याच एका गटाने पत्र काढलं की सिनेमात राजपुतांचा गौरव आहे, आमचा विरोध संपला. (दुसऱ्यांनी ते पत्र लगेच झटकलं, तो भाग वेगळा.)

म्हणजे पाठीमागे वर्षभराची जाळपोळ, आणि ज्या दृश्यासाठी ती झाली ते दृश्य शून्य मिनिटांचं.

वादग्रस्त सिनेमावरचा संताप योग्य की अयोग्य, असा प्रश्न आला की आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, भावना दुखावल्या म्हणजे दुखावल्या. दोन, कलेला हात लावायचा नाही. दोन्ही उत्तरांत सिनेमा पाहायची गरज पडत नाही, म्हणून ती लोकप्रिय आहेत. माझ्या मते पहिला प्रश्न याहून साधा आणि जरा रुक्ष असायला हवा: राग नेमका कितव्या मिनिटावर आहे? मिनिट सांगता आलं तर पुढे बोलता येतं. कधी कधी त्या रागाच्या बाजूने भांडावंही लागतं. मिनिट सांगता येत नसेल, तर तो राग सिनेमावरचा नाही, दुसऱ्याच कशावरचा तरी आहे.

‘पद्मावत’मध्ये रागवण्याजोगं काही नव्हतं असंही नाही. शेवटचा जौहर पाहा. लाल पोशाखातल्या बायका, त्यात एक गरोदर बाई, एक लहान मुलगी, संथ गतीने ज्वाळांकडे चालत जातात आणि पार्श्वसंगीत त्यांना विजयाचा सूर देतं. सामूहिक आत्मदहन इतकं देखणं करायचं का, हा खणखणीत आक्षेप आहे. त्याला मिनिट आहे, चौकट आहे, कॅमेऱ्याचा कोन आहे. काहींनी तो घेतलाही. पण बाहेर दगड पडत असताना टीकाकाराची पंचाईत होते. सिनेमाला नावं ठेवली की दगड मारणाऱ्यांच्या ओळीत उभं राहिल्यासारखं दिसतं. मग बरेच जण गप्प बसतात किंवा सिनेमा आहे त्याहून चांगला असल्याचं सांगत सुटतात. झुंडीच्या संतापाने होणारं हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

आता यंत्रणा कशी चालते ते थोडं बघू, कारण राग बहुतेक वेळा चुकीच्या खिडकीवर जाऊन उभा राहतो.

थिएटरात लागणाऱ्या प्रत्येक सिनेमाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं. ते देणारं मंडळ मुंबईत आहे आणि देशात त्याची नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत. लोक अजून ‘सेन्सॉर बोर्ड’ म्हणतात, पण १९८३ पासून त्याच्या नावात ‘प्रमाणन’ आहे, सेन्सॉर नाही. नाव बदललं, खोड राहिली. निर्माता अर्ज करतो, मग कथाचित्र असेल तर सल्लागार पॅनेलवरचे चार जण आणि एक अधिकारी सिनेमा सलग पाहतात. ही परीक्षण समिती, धंद्यातल्या भाषेत ‘ईसी’. प्रत्येकाने आपलं मत कारणांसह लिहून द्यायचं असतं. यू (सगळ्यांसाठी), यूए (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली), ए (प्रौढांसाठी) की एस (ठरावीक व्यावसायिकांसाठी), आणि काही कापायचं, म्यूट करायचं, बदलायचं किंवा सूचना टाकायची तर कुठे, त्याची यादी निघते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. निर्मात्याला यादी मान्य नसेल तर सिनेमा पुनर्परीक्षण समितीकडे, म्हणजे ‘आरसी’ला जातो. तिथे जास्तीत जास्त नऊ सदस्य असतात.

आरसीनेही नाही म्हटलं तर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं. २०१७ मध्ये ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं, आणि नकाराच्या पत्रात कथा ‘लेडी ओरिएंटेड’ आहे हे कारण म्हणून लिहिलं. त्या सिनेमाला वाट मिळाली ती या न्यायाधिकरणात. एप्रिल २०२१ मध्ये ते बंद करण्यात आलं. आता बोर्डाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. मोठ्या स्टुडिओला ते जमतं. वकिलांची फौज तयारच असते. चार मित्रांनी पैसे गोळा करून काढलेल्या मराठी सिनेमाला मात्र ‘कापा म्हणताय तर कापतो’ हेच परवडतं. रागाचा खरा भाव इथे ठरतो. बोर्डातल्या माणसाला बाहेरचा गोंगाट ऐकू येतो, आणि दोन शब्द जास्त कापल्याबद्दल त्याला कधी कोणी जाब विचारत नाही.

बोर्डाने कशाच्या आधारे ठरवायचं, याची मार्गदर्शक तत्त्वं ६ डिसेंबर १९९१ पासूनची आहेत. त्यांत एक वाक्य फार कामाचं आहे: सिनेमा समग्र परिणामाच्या दृष्टीने पाहायचा, आणि त्यात दाखवलेल्या काळाच्या संदर्भात पाहायचा. हे वाक्य लक्षात ठेवून ‘फुले’कडे येऊ.

अनंत महादेवन यांचा ‘फुले’ ११ एप्रिल २०२५ ला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. ट्रेलर आला आणि ब्राह्मण महासंघासह काही संघटनांनी हरकत घेतली: सिनेमा एकतर्फी आहे, जातीय तेढ वाढवतो, ब्राह्मणांना खलनायक करतो, मदत करणारे ब्राह्मण दाखवत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोर्डाने ‘यू’ प्रमाणपत्र दिलं, पण बदलांसह. जातिव्यवस्थेबद्दलच्या निवेदनातले ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द गेले. ‘तीन हजार साल पुरानी गुलामी’चं ‘कई साल पुरानी’ झालं. तारीख २५ एप्रिलवर ढकलली.

आता मिनिटाची कसोटी लावून बघा. ‘मदत करणारे ब्राह्मण दाखवलेच नाहीत’ हा आक्षेप तपासता येण्याजोगा आहे आणि त्यामागचा इतिहास पक्का आहे. १८४८ ची मुलींची शाळा पुण्यात तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात भरली. सदाशिव गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे, मोरो विठ्ठल वाळवेकर ही फुल्यांच्या सोबतीची माणसं. ही नावं गाळून कोणी फुल्यांवर सिनेमा काढला, तर त्याला धारेवर धरायलाच हवं. पण ते कळायला ट्रेलर पुरत नाही; दोन-अडीच मिनिटांत भांडण दाखवतात, ऋणनिर्देश नाही. दिग्दर्शक त्याच वेळी सांगत होते की साह्य करणारे ब्राह्मण सिनेमात आहेत. म्हणजे वाद मिटवायचा मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे सिनेमा लागू देणं.

‘पेशवाई’ शब्दाचं काय? फुल्यांचा जन्म १८२७ चा, पेशवाई संपली १८१८ ला. शाळा निघाली त्याच्या तीस वर्षं आधी राज्य बदललेलं होतं. त्यामुळे निवेदनात पेशवाईवर किती भार टाकायचा, यावर इतिहासाचा विद्यार्थी जरूर भांडू शकेल. पण त्या भांडणासाठी शब्द तिथे असायला हवा ना! म्यूट केलेल्या शब्दाशी वाद घालता येत नाही. ‘महार’, ‘मांग’ हे शब्द काढण्याला तर काही अर्थच लागत नाही. त्या काळात ज्या नावांनी माणसांना विहिरीपासून हाकललं, ती नावं झाकायची आणि हाकलणं दाखवायचं? दाखवलेल्या काळाच्या संदर्भात पाहा, असं सांगणारं तत्त्व इथेच लागू व्हायला हवं होतं. आणि ‘तीन हजार’चं ‘कई’ केल्याने कोणाची भावना शांत झाली असेल, हे मला आजवर कळलेलं नाही. आकडा चूक होता तर बरोबर आकडा लिहायचा. ‘कई’ हा काही इतिहासाचा आकडा नव्हे.

तारीख चौदा दिवस पुढे गेली, त्यात काय मोठंसं, असं बाहेरून वाटतं. तसं नाही. सिनेमाचे पोस्टर, जाहिराती, मुलाखती, थिएटरांशी बोलणी सगळं एका शुक्रवारकडे रोखलेलं असतं. ‘फुले’ला ११ एप्रिलची जयंती आणि लगेच १४ एप्रिल मिळणार होती, अशा सिनेमाला वर्षात याहून चांगला आठवडा नाही. तो गेला. नवी तारीख आली ती पहलगामच्या हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी. लहान सिनेमाचं गणित पहिल्या शनिवार-रविवारी ठरतं. सोमवारी मल्टिप्लेक्सवाला आकडे पाहतो आणि शो कमी करतो, उरलेला खेळ सकाळी साडेदहाला नाहीतर दुपारी भलत्याच वेळी. म्हणून ‘वादामुळे फुकट जाहिरात होते’ हे जे सर्रास म्हटलं जातं ते मोठ्या बॅनरपुरतं खरं. शेकडो पडद्यांवर लागणारा सिनेमा वादावर पोसतो. पन्नास पडद्यांचा सिनेमा वादात मरतो, आणि त्याचा निर्माता पुढचा विषय निवडताना संतांचं किंवा सासू-सुनांचं बघतो.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की संताप म्हणजे नेहमीच खोटा. तर आता उलट बाजूचं उदाहरण घेतो, कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शेखर कपूरचा ‘बॅन्डिट क्वीन’ १९९४ चा, डाकू फूलनदेवीच्या आयुष्यावरचा. या सिनेमावर एकाच वेळी दोन संताप होते. एक न्यायालयात गाजला: बेहमईत फूलनला नग्न करून विहिरीवर पाणी आणायला लावतात ते दृश्य अश्लील आहे, आणि बाबू गुज्जर या पात्रामुळे गुज्जर समाजाची बदनामी होते. १ मे १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. नग्नता पाहून वासना चाळवावी असं ते दृश्य नाही, पाहणाऱ्याला त्या गुन्हेगारांची शिसारी यावी असं आहे, हा निकालाचा गाभा. बरोबरच होतं ते. एका दुष्ट पात्रामुळे सबंध जात बदनाम होत असेल, तर पडद्यावर खलनायकाला आडनावच ठेवता येणार नाही.

पण दुसरा संताप खुद्द फूलनदेवीचा होता. ती जिवंत होती, फेब्रुवारी १९९४ मध्ये तुरुंगातून सुटली होती, आणि तिच्यावरचे खटले संपलेले नव्हते. सिनेमा ‘ही सत्यकथा आहे’ असं सांगून सुरू होतो. त्यात तिच्यावरचे बलात्कार पुन्हा पुन्हा येतात, आणि बेहमईच्या हत्याकांडात ती प्रत्यक्ष दिसते, जे ती नाकारत होती. आपल्या आयुष्याची मोडतोड झाली आणि आपल्या खासगीपणावर घाला आला, असं म्हणून ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. अरुंधती रॉय यांनी तेव्हाच विचारलं होतं की जिवंत बाईचा बलात्कार तिच्या परवानगीशिवाय पुन्हा उभा करण्याचा हक्क कोणी दिला. पुढे पैशांवर तडजोड झाली आणि तो प्रश्न तिथेच विरला.

माझ्या लेखी गेल्या चाळीसेक वर्षांतल्या सिनेमावादांत हा संताप सगळ्यात रास्त होता. त्याला मिनिटं होती, नाव होतं, प्रत्यक्ष इजा होती. ‘आमच्या समाजाच्या भावना’ असा धूसर वादी नव्हता. ज्या बाईचं आयुष्य दाखवलं होतं तीच समोर उभी होती. आणि तरी लोकांना आठवतं ते काय? अश्लीलतेचा वाद आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विजय. मोठ्या आवाजाच्या पोकळ रागाने लहान आवाजाचा खरा राग गिळला, ‘पद्मावत’मध्ये समीक्षेचं झालं तसंच.

न्यायालयांनी या बाबतीत काय मोजमाप ठरवलंय, ते वकील सोडून फारसं कोणाला माहीत नसतं. त्याचं एक टोक आपल्या नागपुरात आहे. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्या. विवियन बोस यांनी एका वृत्तपत्रीय प्रकरणात लिहिलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या, धीट माणसाच्या मापाने जोखायचा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नाही. चाळीस वर्षांनी गोविंद निहलानींच्या ‘तमस’ या टीव्ही मालिकेवर फाळणीची जखम उघडी केल्याचा आरोप झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हेच माप काढलं. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी आधी काय केलं असेल? मालिका बसून पाहिली. मग निकाल दिला. साधी गोष्ट आहे, पण रस्त्यावरच्या किती आंदोलकांना ती जमते?

१९८९ च्या रंगराजन निकालात आणखी एक पाऊल पुढे टाकलं गेलं. आरक्षणाच्या धोरणावर टीका करणाऱ्या एका तमिळ सिनेमाचं प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केलं होतं. राज्य सरकारचं म्हणणं, सिनेमा लागला तर दंगल होईल. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धोका दूरचा आणि तर्काचा चालणार नाही, दारूच्या कोठारातल्या ठिणगीसारखा थेट लागतो. आणि प्रेक्षक चिडले तर सांभाळता येणार नाहीत, ही सबब राज्याला देता येत नाही. निकाल इतका स्पष्ट असूनही आजचा रिवाज उलटा आहे. पोलीस थिएटरवाल्याला बोलावून ‘बघा बुवा, काचा फुटल्या तर आम्हाला सांगू नका’ अशा सुरात समजावतात. लेखी आदेश नसतो, त्यामुळे न्यायालयात आव्हान कशाला द्यायचं हाच प्रश्न. थिएटरवाला ‘तांत्रिक अडचण’ लिहून शो काढतो.

महाराष्ट्रात तर बोर्डाबाहेर आणखी एक बोर्ड आहे. त्याला कार्यालय नाही, नियम नाहीत आणि अपीलही नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावर गदारोळ झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना भेटले आणि दृश्य काढत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. राजाने लेझीम खेळली असेल का, खेळली तर कशी, यावर दोन तास रंगतदार चर्चा होऊ शकली असती. ती झालीच नाही, दृश्यच गेलं. सिनेमा लागल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी-कान्होजींच्या चित्रणावर आक्षेप घेतला. उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली आणि आपण आडनाव घेतलेलं नाही असं सांगितलं. या दोन आक्षेपांत फरक आहे. वंशजांच्या आक्षेपाला विशिष्ट पात्रं आहेत, फितुरीचा विशिष्ट आरोप आहे आणि तो कागदपत्रांवर तपासता येतो. लेझीमवरचा आक्षेप ‘महाराज असं करणार नाहीत’ एवढाच होता. तो तपासायचा कसा?

‘हर हर महादेव’चं प्रकरण यापेक्षा चटका लावणारं आहे, कारण तिथे आक्षेपात दम होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या सिनेमावर जेधे आणि बांदल घराण्यांच्या वंशजांचं म्हणणं होतं की आमच्या पूर्वजांचं चित्रण चुकीचं आहे. जेधे शकावली-करीना, म्हणजे त्या घराण्याच्या तारीखवार नोंदी आणि हकिकत, छापलेली आहे. पावनखिंडीत बांदलांच्या फौजेने काय केलं हे सांगणारे कागद आहेत. पान उघडून सिनेमातल्या प्रसंगाशेजारी ठेवलं असतं, तर ‘सिनेमॅटिक लिबर्टी’ या गोंडस शब्दामागे लपायला लेखक-दिग्दर्शकाला जागा उरली नसती. झालं काय? ७ नोव्हेंबरच्या रात्री ठाण्याच्या विवियाना मॉलमध्ये राष्ट्रवादीच्या कार्यकर्त्यांनी शो बंद पाडला आणि एका प्रेक्षकाला मारहाण झाली. जितेंद्र आव्हाडांना अटक झाली. मनसेने शो पुन्हा सुरू करायला लावला. दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर बांदल नव्हते, जेधे नव्हते, पक्ष होते. पैसे देऊन तिकीट काढलेल्या माणसाला अंधारात मार बसला की आक्षेप कितीही खरा असो, तो तिथेच संपतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘खालिद का शिवाजी’ या मराठी सिनेमाच्या बाबतीत तेच. महाराजांच्या सैन्यात ३५ टक्के मुसलमान होते, या ट्रेलरमधल्या दाव्यावरून राग उसळला. हा प्रश्न विचारण्यासारखाच आहे. नूर बेग, सिद्दी इब्राहिम, दौलतखान ही नावं इतिहासात भेटतात. पण नावांवरून टक्केवारीवर उडी मारायची तर सैन्याची मोजणी करणारा समकालीन कागद दाखवा, असं दिग्दर्शकाला नक्की म्हणावं. राज्य सरकारने मात्र फेरपरीक्षणाची मागणी केली आणि केंद्राने प्रमाणपत्र तात्पुरतं स्थगित केलं. दावा सिनेमात कोणत्या पात्राच्या तोंडी आहे, पुढे कोणी तो खोडतं का, हे सगळं पडद्यामागेच राहिलं.

कधी संताप लोकांचा नसतोही, तो कार्यालयातूनच निघतो. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत विद्यार्थ्यांसमोर नग्न बसणाऱ्या मॉडेल बायकांवरचा. २०१७ च्या गोव्यातल्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, इंडियन पॅनोरामा या भारतीय सिनेमांच्या विभागाचा उद्घाटनाचा सिनेमा म्हणून परीक्षकांनी तो निवडला. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो आणि मल्याळम ‘एस दुर्गा’ यादीतून काढले. परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये त्याच ‘न्यूड’ला बोर्डाने एकही कट न लावता ‘ए’ दिलं. कोणी चिडण्याआधीच कोणी तरी चिडेल म्हणून केलेली ही कारवाई. चिडलेला माणूस निदान समोर दिसतो; इथे तोही कल्पनेतलाच.

आता ज्याला खरंच आक्षेप घ्यायचा आहे त्याच्यासाठी. सिनेमा पूर्ण पाहा, तिकीट जपून ठेवा. प्रसंग मध्यंतराआधी की नंतर, साधारण कितव्या मिनिटाला, कोण बोलतं, नेमके शब्द काय, आणि ते बोलणारं पात्र सिनेमाच्या बाजूचं आहे की विरुद्ध, हे लिहून काढा. शेवटची गोष्ट हमखास राहते. खलनायकाच्या तोंडचं वाक्य दिग्दर्शकाचं मत म्हणून फिरवणं ही आपल्या व्हॉट्सअ‍ॅपची सवयच आहे. ऐतिहासिक चूक असेल तर ग्रंथाचं नाव आणि पान द्या. मग मागणी लिहा, आणि ती दुखापतीएवढीच ठेवा: दुरुस्ती, सूचना, दिलगिरी, नुकसानभरपाई. ‘बंदी’ ही मागणी लिहिलीत की वरचं सगळं कोणी वाचत नाही, कारण बंदी आली तर तुमचं म्हणणं खरं की खोटं हे ठरवायला सिनेमाच उरत नाही. पत्र बोर्डाच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि निर्मात्याला पाठवा. जिवंत व्यक्तीची बदनामी असेल तर न्यायालय. थिएटरच्या मॅनेजरकडे मात्र जाऊ नका. त्याने तो सिनेमा लिहिलेला नाही, आणि पॉपकॉर्नच्या काउंटरपलीकडे त्याला कसलाही अधिकार नाही.

ओटीटीवर हे सगळं आणखी धूसर होतं. तिथे बोर्डाचं प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे जाते आणि त्याने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. पण इतकं थांबतो कोण? तमिळ ‘अन्नपूर्णी’ १ डिसेंबर २०२३ ला थिएटरात लागला, तोही रीतसर प्रमाणपत्र घेऊन. डिसेंबरअखेर नेटफ्लिक्सवर आला. रामाने मांसाहार केल्याच्या उल्लेखावरून मुंबईत पोलिसांकडे तक्रार गेली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सिनेमा नेटफ्लिक्सवरून गायब, निर्मात्यांची माफी जाहीर. तो उल्लेख एका संवादातला आहे, आणि बोलणारं पात्र वाल्मीकींचा हवाला देतं. हवाला बरोबर की चूक, हे संस्कृत येणाऱ्या कोणीही अर्ध्या तासात सांगितलं असतं. कोणता संवाद काढला तर चालेल, हे विचारायचीही वेळ कोणावर आली नाही. बटण दाबलं आणि सबंध सिनेमाच यादीतून उतरला.